शेवटचा डबा दिसल्याशिवाय

परतूरच्या स्टेशनवर नुसती गाडी बघायला जाण्याचा माझा नाद मीटरगेजच्या दिवसांपासूनचा. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी ही लाईन निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या तोंडावर पडली आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. दोन्ही काळांत एक गोष्ट तशीच राहिली. गाडी आली की आम्हा पोरांची नजर इंजिनावर आणि स्टेशन मास्तरची शेपटावर. शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळ्या पाटीवर दोन काळी इंग्रजी अक्षरं असतात, एल आणि व्ही. लास्ट व्हेईकल. रात्री तिथं लाल दिवा. ती पाटी डोळ्यांनी पाहिली की मास्तर मागच्या स्टेशनला कळवतो : गाडी पूर्ण आली, लाईन मोकळी. पाटी दिसली नाही, तर इंजिन फलाटाला लागलेलं असो, माणसं उतरून रिक्षात बसलेली असोत, गाडी आली असं म्हणायचं नाही. कपलिंग तुटून मागचे चार डबे मधल्या रानात उभे असतील, तर एकेरी लाईनवर त्यांच्या अंगावर दुसरी गाडी सोडायची का? (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. पाटी अजून एलव्हीचीच आहे.)

पुढं संगणकाच्या कामात पडल्यावर मला ज्या एका चुकीनं सगळ्यात जास्त छळलं, ती नेमकी हीच होती. इंजिन दिसलं की मी गाडी आली म्हणत होतो.

ही पुस्तिका दोन यंत्रांनी एकमेकांशी सॉकेटवरून एक्सएमएलमध्ये कसं बोलावं याबद्दल आहे. विषय ऐकायला रुक्ष आहे, मान्य. सॉकेट म्हटलं की आमच्याकडं अजून भिंतीतलं प्लगचं भोक डोळ्यांपुढं येतं, आणि ते फारसं चूकही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या मंडळींनी १९८३ साली आपल्या युनिक्समध्ये हे नाव रुजवलं, तेव्हा कल्पना तीच होती. भिंतीमागं तारा कुठून कुठं गेल्यात हे तुम्ही बघायचं नाही, तुम्ही फक्त आपला प्लग खोचायचा. इकडं एक प्रोग्रॅम, तिकडं दुसरा. मध्ये टीसीपी नावाची नळी. सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपीचे नियम ज्या दस्तऐवजात पक्के झाले त्याचा क्रमांक ७९३, आणि त्यातलं वचन आजही पाळलं जातं : जोड टिकून आहे तोवर इकडून ओतलेले बाइट तिकडं त्याच क्रमानं मिळतील, मधला गाळला जाणार नाही, कुठलाही दोनदा येणार नाही.

पण एक वचन त्यानं कधीच दिलेलं नाही, आणि शिकणारा नेमकं तेच गृहीत धरतो. तुम्ही तीन वेळा पाठवलंत म्हणजे समोरच्याला तीन वेळा मिळेल, असं नाही. निम्न दुधनाच्या कालव्यात वर दोघांनी दोन घागरी ओतल्या, तर खालच्या शेतात पाणी सगळं पोचेल. पहिली घागर कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली हे मात्र पाणी सांगणार नाही. टीसीपी बाइटांचा ओघ देतो. निरोप देत नाही. निरोपाच्या कडा आपण ओघातच लिहून पाठवायच्या असतात, आणि पलीकडच्यानं त्या ओळखायच्या असतात. या पुस्तिकेतली पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्यातून निघाली आहेत.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. मोंढ्यात कळलं.

एका अडतीवरचं काम होतं. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली चढली की भरलेलं वजन, माल उतरवून परत आली की रिकामं वजन, आणि दोन्हींची वजाबाकी निव्वळ. काट्याच्या डब्यातून आकडे सीरियल तारेनं बाहेर पडतात, ते तिथल्या जुन्या संगणकानं घ्यायचे, त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव आणि माल जोडायचा, आणि आत गादीजवळच्या संगणकाला पाठवायचं. तिथं हिशोबपट्टी निघणार. हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन हातात काय येतं ते शेतकऱ्याला जागेवर कळणार. अंतर असेल दीडशे फूट. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम. दोन दिवसांत झालंही. नाव टेस्ट, गाव टेस्ट, माल टेस्ट, सगळं इंग्रजीत भरून पन्नास पावत्या पाठवल्या, पन्नासच्या पन्नास पोचल्या. मालकांनी चहा पाजला.

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन आलं आणि फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली. दुपारी एक म्हातारे गृहस्थ हिशोबपट्टी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. "भाऊ, हे गाव कुठलं?" कागदावर छापलं होतं 'वाटू', आणि पुढं काळ्या शंकरपाळीत पांढरं प्रश्नचिन्ह. गाव वाटूर. 'र' कुठं तरी रस्त्यात राहिला होता. अर्ध्या तासानं सातोन्याचं तसंच झालं. संध्याकाळपर्यंत डझनभर पट्ट्यांवर शंकरपाळ्या उमटल्या, आणि दिवाळी असल्यामुळं मला त्यावरून कायकाय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

झालं होतं ते असं. मराठी अक्षरं हल्ली यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर ती पहिल्यांदा मांडली, अशी तिची जन्मकथा पाइक यांनी स्वतःच सांगितली आहे. तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेतं. 'परतूर' लिहिताना आपण चार अक्षरं मोजतो. युनिकोड पाच चिन्हं मोजतो, कारण 'तू'मधला दीर्घ उकार त्याच्या लेखी वेगळा. आणि तारेवरून जातात पंधरा बाइट. चार, पाच, पंधरा : या तीन आकड्यांची गल्लत जेवढी रात्रीची झोप खाते, तेवढी दुसरं काही खात नाही.

माझा प्रोग्रॅम एका वेळी १०२४ बाइट वाचायचा, त्यांची लगेच अक्षरं करायचा आणि मागच्या मजकुराला जोडायचा. १०२४ ला ३ नं भाग जात नाही. ३४१ चिन्हं बसतात आणि एक बाइट उरतो. तो एकुलता बाइट म्हणजे पुढच्या अक्षराचा तिसरा हिस्सा. त्याला एकट्याला अर्थ नाही, म्हणून तिथं शंकरपाळी. राहिलेले दोन पुढच्या खेपेत आले, त्यांनाही अर्थ नाही, म्हणून आणखी शंकरपाळ्या. टॅग आणि वजनं तेव्हा इंग्रजीत होती, म्हणून तुकडा नेमका कुठं पडेल याचा नेम नव्हता. बहुतेक वेळा तो टॅगच्या मध्ये पडे आणि कुणाला कळतही नसे. कधी वाटूरच्या 'र'वर पडे.

मग चाचणीत का दिसलं नाही? दोन कारणं. मी इंग्रजीत भरलेलं होतं, आणि इंग्रजी अक्षराचे तुकडे होतच नाहीत. आणि चाचणीत मी एक पावती पाठवून, थांबून, बघून, मग दुसरी पाठवत होतो. त्यामुळं दर वाचनाला एकच पावती मिळायची आणि माझा समज झाला की एक पाठवणं म्हणजे एक मिळणं. हंगामात आतला संगणक पट्टी छापण्यात गुंतला की बाहेर पावत्या साचायच्या, आणि पुढच्या वाचनाला सहा-सात एकदम हाती यायच्या, शेवटची अर्धवट. ट्रॉल्या फाटकातून एकेक सोडल्या तर गर्दी नाही; रस्ता अडला की सगळ्या एकाला एक चिकटून येतात, तसं. युनिकोडच्या आधी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत एकेका आकाराला एकच बाइट असायचा, तेव्हा ही अडचण नव्हती. जुन्या काट्यावाल्यानं मला तेच सुनावलं : आमच्या वेळी असं होत नव्हतं. त्याचं खरं होतं, हे कबूल करायला मला आठवडा लागला.

उपाय सोपा निघाला. बाइटांची अक्षरं आपण करायचीच नाहीत. आले तसे कच्चे बाइट एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरच्या हवाली करायचे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाचा पहिलाच बाइट सांगतो की माझ्यामागं आणखी दोन आहेत, आणि चांगला पार्सर ते दोन येईपर्यंत गप्प बसतो.

त्या दिवाळीनंतर मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती या पुस्तिकेत जागोजाग दिसेल. उदाहरणांतले टॅग मराठीत आहेत. पुष्कळांना वाटतं की एक्सएमएलमध्ये ते चालत नाही. चालतं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती मंजूर केली, तेव्हापासून टॅगच्या नावात देवनागरी अक्षरं आणि मात्रा चालतात.

<पावती क्र="११७"><गाव>वाटूर</गाव><माल>सोयाबीन</माल><निव्वळ>२३४०</निव्वळ></पावती>

हा शुद्ध, नियमात बसणारा मजकूर आहे. भाषेचा अभिमान म्हणून मी असं लिहिलेलं नाही. तो असेल तर असो. इंग्रजी टॅगमध्ये चूक लपते आणि हंगामात निघते, मराठी टॅगमध्ये ती पहिल्याच तासाला, टेबलावरच निघते. तुकडा कुठंही पडला तरी बहुधा कुठल्या तरी अक्षराच्या अंगावर पडतो, टॅगचं नाव फुटतं आणि पार्सर तिथंच हात वर करतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला परीक्षक नाही. देवनागरी आकड्यांचं मात्र बघून घ्या, पुष्कळ प्रोग्रॅम '२३४०' हा आकडा मानत नाहीत. पुस्तिकेत तो बदलून घेण्याचं एक छोटं कलम दिलं आहे.

आता कडांचा प्रश्न. अक्षरं जुळली तरी पावती कुठं संपली हे कळायला हवं, आणि त्याचे तीन रस्ते आहेत. पैकी दोन रेल्वेला आधीपासून ठाऊक आहेत.

पहिला मोजण्याचा. हल्ली पुष्कळ ठिकाणी रुळाला ॲक्सल काउंटर लावलेले असतात. मागच्या स्टेशनातून किती चाकजोड्या निघाल्या, इथं किती पोचल्या, दोन्ही जुळलं की लाईन मोकळी. ओघातही तसंच : आधी लांबी सांगायची, मग तेवढे बाइट. एटीएमचे निरोप बँकांच्या यंत्रणेत पुष्कळ ठिकाणी असेच जातात, पुढं दोन बाइटांत लांबी आणि मागं मजकूर. पोरं इथं एकच चूक करतात, पण हमखास करतात. लांबी मोजायला सांगितली की ती 'परतूर'ला पाच म्हणतात आणि पाठवतात पंधरा. समोरचा पाच बाइट उचलतो, म्हणजे 'प' आणि 'र'चे दोन तुकडे, आणि उरलेले दहा बाइट पुढच्या निरोपाची लांबी समजून वाचायला घेतो. तिथून पुढं सगळंच रुळावरून घसरतं आणि पुन्हा कधीच रुळावर येत नाही.

दुसरा रस्ता पाटीचा, म्हणजे खुणेचा. मजकुरात कधीच येऊ शकणार नाही असं काही तरी शेवटी टाकायचं. एक्सएमएलमध्ये शून्य या मूल्याचा बाइट निषिद्ध आहे, म्हणून तो खूण म्हणून चालतो. फ्लॅश नावाचं जे तंत्र एके काळी प्रत्येक ब्राउझरमध्ये होतं, त्यात २००० सालापासून एक्सएमएल-सॉकेट नावाची सोय होती आणि ती हेच करायची. दर निरोपामागं एक शून्य. साधं, स्वस्त. मी मोंढ्यात शेवटी हेच ठेवलं.

तिसरा रस्ता फक्त एक्सएमएललाच शोभतो, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात देखणा आहे. एक्सएमएलमध्ये प्रत्येक उघडणाऱ्या टॅगला बंद करणारा जोडीदार असतो, म्हणजे शेवटच्या डब्याची पाटी मजकुरातच लावलेली असते. मग वेगळी खूण कशाला? पण नुसत्या पावत्या एकामागून एक पाठवल्या की पार्सर अडतो. एका दस्तऐवजाला एकच मूळ टॅग, हा त्याचा नियम. पहिली पावती बंद झाली की त्याच्या दृष्टीनं दस्तऐवज संपला, आणि पुढची दिसली की तो ओरडतो : जंक आफ्टर डॉक्युमेंट एलिमेंट. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेल्या एक्स्पॅट या पार्सरचं हे वाक्य ज्यानं पाहिलं नाही, त्यानं या क्षेत्रात काम केलं नाही असं समजा. यावरची युक्ती अशी : सकाळी दुकान उघडताना <मोंढा> हा टॅग उघडायचा आणि बंद करायचाच नाही. दिवसभर त्याच्या पोटात पावत्या येत राहतात. संध्याकाळी गल्ला मोजून झाल्यावर </मोंढा>. अख्खा दिवस म्हणजे एकच न संपलेला दस्तऐवज.

ही युक्ती माझी नाही. जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणानं जानेवारी १९९९ मध्ये जॅबर नावाची खुली निरोप-यंत्रणा जाहीर केली, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. जोड झाली की दोन्ही बाजूंनी एकेक ओघ-टॅग उघडतो, गप्पा संपेपर्यंत उघडाच राहतो, आणि आतल्या प्रत्येक छोट्या तुकड्याला तिथं स्टँझा म्हणतात, म्हणजे कडवं. पुढं तिचं नाव एक्सएमपीपी झालं, ऑक्टोबर २००४ मध्ये तिचे नियम इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत गेले आणि मार्च २०११ मध्ये सुधारून पुन्हा आले. २००५ सालचं गूगल टॉक त्याच भाषेत बोलायचं. सुरुवातीच्या व्हॉट्सॲपची घडणही तिच्यावरच बेतलेली होती; फक्त टॅगची लांब नावं काढून त्यांच्या जागी एकेका बाइटाचे संकेत आले. म्हणजे आज परतूरमधल्या प्रत्येक घरात सकाळी जी फुलं आणि सुविचार येऊन पडतात, त्यांच्या वाटेला एक जुनी खूण एक्सएमएलच्या ओघाची आहे. सुविचारांची जबाबदारी मिलर यांच्यावर टाकू नये.

असा न संपणारा दस्तऐवज वाचायचा तर पार्सरही त्या जातीचा लागतो. एक जात आहे डॉमची : अख्खा दस्तऐवज आधी पोटात घेणार, त्याचं झाड उभं करणार, मग तुम्हाला फांद्या दाखवणार. तिला सॉकेटला जोडलंत की ती शेवटाची वाट बघत बसते आणि शेवट तर संध्याकाळी येणार. शिकणाऱ्यांच्या हातून होणारा दुसरा मोठा घोटाळा इथंच होतो. पाठवणारा मजकूर पाठवून उत्तराची वाट बघतो, घेणारा ओघ बंद होण्याची वाट बघतो, दोघंही जिवंत आणि दोघंही गप्प. पडद्यावर चूक म्हणून काहीच नाही. एकदा मी अशा अवस्थेतल्या दोन संगणकांसमोर जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. डबा संपला, ते तसेच. दुसरी जात सॅक्सची, मे १९९८ पासूनची. ती टॅग उघडला की सांगते, अक्षरं आली की सांगते, टॅग मिटला की सांगते, आणि मागचं विसरून पुढं जाते. ओघाला हीच लागते. ती वापरायला किचकट आहे हे खरं, म्हणून पुस्तिकेत तिला दोन प्रकरणं दिली आहेत आणि डॉमला दीड पान.

पाठवणाऱ्याच्या बाजूचा तसाच एक फसवा क्षण आहे. प्रोग्रॅमनं लिहिलं म्हणजे ते गेलं असं नाही. पुष्कळदा ते प्रोग्रॅमच्याच बफरात, म्हणजे आपल्याच अंगणात, पोती लावल्यासारखं पडून असतं, आणि 'फ्लश' म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. त्याच्याही पुढं जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्ये सुचवलेली एक शिस्त आहे : छोटे तुकडे सुटे सुटे पाठवू नका, आधीच्याची पोच येईपर्यंत साठवा आणि एकत्र पाठवा. ट्रक अर्धा रिकामा नेऊ नये, हा हिशोब. रस्त्यासाठी चांगला, पण एकेका वजनाची तातडी असेल तर ही शिस्त बंद करावी लागते. कधी करावी आणि कधी करू नये, यावर माझं मत चौथ्या प्रकरणात आहे. ते सगळ्यांना पटेल असं नाही.

इथं कुणी विचारेल, हे सगळं मोंढ्यापुरतं आहे का? रेशन दुकानात अंगठा लावता, तेव्हा आधारच्या पडताळणीला जाणारा निरोप एक्सएमएलचाच असतो, आत बोटाच्या ठशाचा कुलूपबंद भाग ठेवून. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली गेली होती. स्टेशनबाहेर चहाचे दहा रुपये मोबाइलवरून देता, तेव्हा ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झालेल्या यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात डिजिटल सही केलेले एक्सएमएल निरोप फिरतात. टॅली ज्यांच्याकडं आहे त्यांना ठाऊक असेल की तिच्या ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल पाठवलं तर ती नोंद करून घेते. या तिन्ही ठिकाणी दर निरोपाला वेगळी फेरी आहे, न संपणारा ओघ नाही. आणि कडा ओळखण्याचं काम खाली एचटीटीपी करतो, मजकुराची लांबी आधी सांगून. म्हणजे ॲक्सल काउंटर. तो आपल्याला दिसत नाही, एवढंच.

आणि हो, जेसन. एक्सएमएल आता म्हातारं झालं, सगळे जेसन वापरतात, हे मला दर वर्षी एक तरी मुलगा सांगतो. वापरा की. पण ओघ तोच, कालवा तोच, घागरी त्याच; जेसनच्या पावत्या एकामागून एक आल्या तर कडा कशा ओळखणार? शेवटी तिथंही दर ओळीला एक पावती अशी खूण ठरवावीच लागते. आणि एक्सएमएलचा मिटणारा टॅग काय मिटतंय त्याचं नाव सांगून मिटतो. जेसनचा कंस नुसता मिटतो, पाटीशिवायच्या शेवटच्या डब्यासारखा. वजन एक्सएमएलचं जास्त, हेही खरं. दीडशे फुटांवर ते मला परवडतं.

एक अडचण कुठल्याही पुस्तकात नीट सापडत नाही, कारण पुस्तकं जिथं लिहिली जातात तिथं वीज जात नाही. जोड चालू असताना फाटकाजवळचा संगणक अचानक बंद पडला, तर आतल्याला ते कळत नाही. टीसीपीच्या लेखी कुणी निरोप घेऊन गेलेलं नाही, म्हणजे जोड शाबूत. लिनक्समध्ये खुशाली विचारण्याची सोय मागून घेतली, तरी ती मुळात दोन तास, म्हणजे ७२०० सेकंद गप्प राहिल्यावरच पहिल्यांदा विचारते. दोन तासांत रांगेतल्या ट्रॉल्या निघून घरी जातात. म्हणून आपणच मधूनमधून काही तरी पाठवत राहायचं. एक्सएमपीपीत त्यासाठी दोन कडव्यांच्या मध्ये नुसती रिकामी जागा पाठवतात, पार्सर ती सोडून देतो आणि जोड जिवंत आहे हे कळतं. त्याहून वाईट प्रसंग म्हणजे पावती पोचली, पण पोचल्याचं उत्तर यायच्या आत वीज गेली. परत आल्यावर बाहेरचा संगणक ती पुन्हा पाठवतो, आणि एकाच ट्रॉलीच्या दोन पट्ट्या निघतात. टीसीपी 'दोनदा येणार नाही' म्हणतो ते एका जोडीपुरतं. जोड तुटून नवी झाली की त्याची स्मृती कोरी. वरच्या नमुन्यात पावतीला क्रमांक आहे तो याचसाठी. आतल्यानं तो पाहिलेला असेल तर पोच द्यायची आणि पट्टी काढायची नाही. माझ्या पहिल्या रूपात क्रमांक नव्हता. एका शेतकऱ्याला दोनदा पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी ते त्यानं स्वतः आणून दिले, म्हणून मी आज हे मोकळेपणानं लिहू शकतो.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. कुलूपबंद जोड, म्हणजे टीएलएस, फक्त ओळखीपुरती आहे. तिला स्वतंत्र पुस्तक लागेल. बाहेरून येणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवण्याबद्दल मात्र एक छोटं प्रकरण आहे आणि ते टाळू नका. एक्सएमएलमध्ये मजकुराला टोपणनाव देता येतं, टोपणनावात दुसरी टोपणनावं घालता येतात, आणि दहा-दहा पटीनं ती उलगडत नेली की एका किलोबाइटापेक्षा लहान फाईल यंत्राच्या पोटात कित्येक गिगाबाइटची होते. एक्सएमपीपीनं ओघात अशा व्याख्यांना बंदीच घातली आहे. तुम्हीही घाला. आणि दुकानांच्या नावांतलं '&' हे चिन्ह विसरू नका. एक्सएमएलमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे, ते तसंच पाठवलं की पार्सर थांबतो. मोंढ्यात 'अमुक & सन्स' किती आहेत ते मोजून बघा.

वाचणाऱ्यांत कोण असतील ते मी डोळ्यांपुढं ठेवलं आहे. पदविका करून गावातच राहिलेली, सेवा केंद्रात बसणारी, अडतींवर आणि जिनिंगवर संगणक सांभाळणारी मुलं-मुली. त्यांच्याकडं जुनं यंत्र असतं, नेट जातं-येतं, आणि विचारायला कुणी नसतं. म्हणून प्रत्येक प्रयोग एकाच संगणकावर, नेटशिवाय होईल असा ठेवला आहे. स्वतःलाच पाठवायचं, स्वतःच घ्यायचं.

पहिला प्रयोग इथंच देऊन टाकतो, म्हणजे पान उलटण्याआधी करता येईल. <गाव>परतूर</गाव> एवढाच मजकूर घ्या. उघडणारा टॅग अकरा बाइट, गाव पंधरा, मिटणारा टॅग बारा. ते अडतीस बाइट एकदम पाठवू नका; एक बाइट पाठवा, फ्लश करा, सेकंदभर थांबा, मग पुढचा. सगळं जायला अडतीस सेकंद लागतील. घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर नजर ठेवा. सदतिसावा बाइट जाईपर्यंत तिथं काही उमटता कामा नये.